ङ ङोंबेचा

मुलाचा टांझानियातल्या मोशी शहराहून मेसेज आला, ‘आई, तू येणार आहेस त्या शाळेच्या बाई म्हणतायत, काही आणायचंच असेल तर दफ्तारी आणा.’ त्याला तिकडे जाऊन सहाच महिने झाले होते, तिथली स्वाहिली भाषाही त्याला बेताचीच येत होती. मी म्हटलं, दप्तरं तर दप्तरं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी बचत गटातल्या बायकांना हाताशी धरलं, मांजरपाट आणला आणि आठवड्यात तीस दप्तरं शिवून झाली. निळे पट्टे, आत एक कप्पा, झाकणाला बटण. बॅगेतले माझे निम्मे कपडे काढून ती भरली.

शाळेच्या ऑफिसात ती टेबलावर मांडली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी एक हातात घेतलं, शिवण बघितली, छान आहे म्हणाल्या. मग कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे धरली. ‘दफ्तारी.’

स्वाहिलीत दफ्तारी म्हणजे वही. सरकारी शाळेत फी नाही, पण वह्या, गणवेश, स्वेटर घरच्यांनीच घ्यायचे असतात. काही मुलं भरलेल्या वहीच्या समासात बारीक अक्षरात लिहीत होती. त्यांची गरज एवढीशी होती आणि ती वस्तू मोशीच्या बाजारात हवी तेवढी मिळत होती. मला फार वाईट वाटलं. शनिवारी डाला-डालात बसून (डाला-डाला म्हणजे तिकडची वडाप, तशीच भरलेली, दारात तसाच लोंबकळणारा पोरगा) मोशीला गेले आणि वह्यांचे गठ्ठे घेऊन आले. दप्तरं मात्र वाया गेली नाहीत. पहिलीच्या बाईंनी वर्गाच्या भिंतीला खिळे ठोकून ती ओळीने टांगली. त्यांचं पुढे काय झालं ते सांगतेच.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होते, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. निवृत्त झाल्यावर सकाळचे दहा वाजले की घरात करमेना. मुलाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आई किलिमांजारोच्या उतारावर, मारंगूच्या बाजूच्या एका गावात पहिलीला शिकवते असं कळलं आणि ते माझ्या डोक्यात बसलं. त्याआधी स्वयंसेवकांना आफ्रिकेत नेणाऱ्या एका संस्थेशी फोनवर बोलून झालं होतं. पंधरा दिवस, त्यात सफारी आणि ‘दोन दिवस अनाथाश्रमात मुलांसोबत’. मी फोन ठेवला. लहान मूल ही बघायला जायची गोष्ट नाही. दर पंधरवड्याला नवं माणूस येतं, कडेवर घेतं, खाऊ देतं आणि निघून जातं, याचं त्या मुलाच्या मनात काय होत असेल, हे ज्याने पहिलीच्या वर्गात जूनचे पहिले चार दिवस काढलेत त्याला सांगायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण मला बऱ्याच जणी विचारतात. पर्यटक म्हणून जाऊन तिथे शाळेत काम करता येत नाही. स्वयंसेवकांना निवास परवान्याचा ‘सी’ वर्ग असतो आणि त्यासाठी आपल्याला बोलावणाऱ्यांचं पत्र लागतं. मी माझ्या पोलीस पडताळणीचा दाखलाही स्वतःहून पाठवला, मुलांमध्ये जायचं होतं म्हणून. एका कार्यालयातून अर्ज दोनदा परत आला, महिना गेला, मग परवाना मिळाला. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. जुलैत पोचले ती सप्टेंबरच्या अखेरीस परत आले.

गाव म्हणजे केळीची बाग, तीही डोंगरभर पसरलेली. वरती केळी, केळीच्या सावलीत कॉफी, कॉफीच्या खाली अळू, मधूनच घर, घराला लागून गोठा. हे चागा लोकांचं शेत. कडेने पाटाचं पाणी खळाळत जातं, हे पाट त्यांच्या पूर्वजांनी डोंगरावरून खणत आणलेले आहेत. सांगलीकडच्या बाईला पाटाचं पाणी दिसलं की परकं वाटत नाही. ५,८९५ मीटरचा किलिमांजारो मात्र पहिले चार दिवस ढगातच होता. पाचव्या दिवशी पहाटे तोंड धुवायला बाहेर आले तर समोर अख्खा उभा. पहिलीच्या बाईंची पाच वर्षांची नात माझ्या शेजारी चूळ भरत होती. तिने वर पाहिलंही नाही. तिच्या घरामागेच आहे तो, रोजचाच.

मी पहिलीच्या बाईंकडेच राहत होते. पहिल्या सोमवारी त्या लवकर निघाल्या आणि मला म्हणाल्या, ‘सा म्बिली’ला ये. सा म्हणजे वाजले, म्बिली म्हणजे दोन, एवढं मी पाठ केलं होतं. मी बरोबर दोनला पोचले. पहिलीचा वर्ग रिकामा, मुलं घरी गेलेली. तिकडे दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्योदयाची वेळ वर्षभर फारशी हलत नाही आणि हा हिशेब तिथे चोख बसतो. सा म्बिली म्हणजे सकाळचे आठ होते. माझ्यासाठी गाणं बसवून अडुसष्ट मुलं सकाळी रांगेत उभी राहिली होती आणि मी आले नव्हते. तो दिवस मला लागला. दुसऱ्या दिवशी मी साडेसातलाच जाऊन थांबले. मुलं घरून आणलेल्या खराट्यांनी मैदान झाडत होती, लाल मातीवर खराट्याच्या रेघा उमटत होत्या. झाडाला टांगलेल्या चाकाच्या रिमवर एका मोठ्या मुलाने लोखंडी गजाने ठण ठण टोले दिले. रांगा लागल्या. राष्ट्रगीत झालं. आणि माझं गाणं त्यांनी पुन्हा म्हटलं, जसं काल काही झालंच नव्हतं.

वर्गात पाय ठेवला की अडुसष्ट मुलं उभी राहतात आणि एका सुरात म्हणतात, ‘शिकामोऽ म्वालिमू.’ शिकामो हे फक्त मोठ्यांना म्हणायचं. तुमचे पाय धरतो, असा त्याचा अर्थ सांगतात. मोठ्यांनी त्यावर ‘मराहाबा’ म्हणायचं. आपल्याकडे वाकून नमस्कार केला की तोंडातून आपोआप आशीर्वाद निघतो ना, तसं. म्वालिमू म्हणजे शिक्षक. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे शाळामास्तर होते आणि सगळा देश त्यांना आजही म्वालिमूच म्हणतो. शिक्षकाला ज्या नावाने हाक मारायची त्याच नावाने राष्ट्रपित्यालाही. एवढा मान असलेला शब्द सकाळी सकाळी माझ्या वाट्याला यायचा आणि मी पदर सारखा करायची.

शिकवायच्या पहिलीच्या बाई. मी शिकवणार नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तीन महिन्यांसाठी आलेल्या बाईने वर्गाचा ताबा घेणं बरोबर नाही, माझ्या वर्गात कुणी तसं केलेलं मला चाललं नसतं. मी फळा पुसण्यापासून सुरुवात केली. आणि मग एक दिवस बाईंनी फळ्यावर लिहिलं ते बघून मी बसल्या जागी सरळ झाले. बा बे बी बो बू. मा मे मी मो मू. अहो, ही तर बाराखडी! रोमन लिपीतली. स्वाहिली बोलतात तशीच लिहितात, जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या शेवटी स्वर मोकळा, त्यामुळे मूल अक्षर अक्षर जोडत वाचायला शिकतं. पहिली-दुसरीला २०१५ पासून तिथे ‘केकेके’वर भर आहे. कुसोमा, कुआंडिका, कुहेसाबू. वाचणं, लिहिणं, मोजणं. त्या हेसाबूतला हिशेब तुम्हालाही ऐकू आला असेल. मोजायला सोडाच्या बाटल्यांची बुचं. आमच्या वर्गात चिंचोके असायचे, तिथे बुचं.

हे काम मला येत होतं. साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी अक्षरपत्त्या केल्या, आणि ती टांगलेली दप्तरं इथे कामाला आली. एका दप्तरात बाची पाच अक्षरं, दुसऱ्यात माची, तिसऱ्यात काची. बाई म्हणतील त्या दप्तरातून मुलाने धावत जाऊन पत्ती काढायची. कप्प्यात हात घालताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा तो मी कागदावर कसा उतरवू? जत्रेत पिशवीतून चिठ्ठी काढतात तसा. हवी ती पत्ती हाताला लागली की बोटं आतच थांबायची, मूल बाकीच्यांकडे बघायचं, आणि मगच हात बाहेर यायचा.

दोन पत्त्या जोडल्या की पहिला शब्द होतो. बा-बा. का-का. दा-दा. मा-मा. आणि इथून आमची खरी मैत्री जमली. बाबा म्हणजे वडील, तिथेही आणि इथेही. पण काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण. आणि मामा म्हणजे आई! मी खुणांनी आणि तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं की माझ्या भाषेत दादा हा भाऊ असतो आणि मामा हा आईचा भाऊ. अख्खा वर्ग बाकांवर आडवा झाला हसून. पुरुष मामा! दुसऱ्या दिवसापासून रोज एक मुलगी दारातच अडवायची, आज तुझ्या भाषेतलं काय? मी एक शब्द द्यायची, त्या एक द्यायच्या. साबण साबुनी, गाडी गारी, आंबा एंबे, विमा बिमा, लाख लाकी. हे शब्द दर्यावर्दी आणि व्यापाऱ्यांबरोबर किती शतकं अरबी समुद्रावर ये-जा करत राहिले, आणि त्यातला एकेक मला सहा वर्षांची मुलगी केळीखाली उभी राहून देत होती.

तिकडच्या रिवाजाप्रमाणे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, आपल्या खेड्यात ‘अमक्याची आई’ म्हणतात तसंच. त्यामुळे दोन आठवड्यांत गावभर माझं नाव पडलं: आधी मामा, पुढे माझ्या मुलाचं नाव. त्याला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘आई, छान वाटतं गं ऐकायला.’

वाचनात मागे पडलेली आठ मुलं बाईंनी माझ्याकडे दिली. आमच्याकडे अशा मुलांची यादी असते आणि तिच्यावर ‘अप्रगत’ असं लिहिलेलं असतं. तो शब्द मला नोकरीत कधी आवडला नाही. आम्ही नऊ जण एवोकॅडोच्या झाडाखाली बसायचो. त्यातला एक मुलगा, थोरल्या भावाचा स्वेटर घातलेला, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, दोन आठवडे एक अक्षर बोलला नाही. पत्ती दिली तर घ्यायचा, बघायचा, गवतावर अलगद ठेवायचा. मी त्याच्या मागे लागले नाही. अशी मुलं ऐकत असतात.

एके दिवशी चित्र दाखवून मी शब्द वाचला. गाय. स्वाहिलीत एन, जी, त्यावर एक टिंबासारखं चिन्ह, मग ओंबे. मी वाचलं, ‘न्गोंबे.’ सात मुलं हसली. तो हसला नाही. तो उठला, माझ्याजवळ आला, स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘ङोंबे.’

मी पुन्हा म्हटलं, चुकलं. त्याने माझ्या नाकावर बोट ठेवलं. ‘ङोंबे.’ त्याच्या बोटाला ओल्या गवताचा वास येत होता. त्या गावात गाई गोठ्यातच बांधून असतात, चारा मुलं आणतात, तो रोज सकाळी गाईला गवत कापून टाकून मगच शाळेत येतो हे मला नंतर कळलं. चौथ्या-पाचव्या वेळी मला जमलं. ‘एऽ’ म्हणून त्याने माझ्यासाठी टाळी वाजवली, जशा बाई मुलांसाठी वाजवून घेतात तशी.

मला किती आनंद झाला ते फक्त मराठी शाळेतल्या बाईलाच कळेल. एकतीस वर्षं मी तक्ता शिकवला. क कमळाचा, ख खडूचा, ग गवताचा, घ घराचा, आणि मग ङ. त्याच्यासमोर चित्रच नाही, त्या अक्षराने सुरू होणारा शब्दच आपल्याकडे नाही. ञचंही तेच. दरवर्षी कुणीतरी मूल विचारायचं, बाई, हा कशाचा? आणि मी म्हणायची, हा नुसताच म्हणायचा. आता मला माहीत आहे. ङ ङोंबेचा. आणि त्याच मुलाने पुढच्या आठवड्यात मातीत घर काढून मला शिकवलं, ञ ञुंबाचा. ञुंबा म्हणजे घर. परत आल्यावर मी गावच्या शाळेत जाऊन पहिलीच्या तक्त्यावर, त्या रिकाम्या चौकोनात, गाईचं चित्र चिकटवून आले. तिथल्या तरुण बाई आधी गोंधळल्या, मग त्यांनीच घराचंही मागितलं.

तो मुलगा त्या दिवसापासून बोलायला लागला. मी काही जादू केली नाही, हे नीट सांगायला हवं. त्याला रोज कुणीतरी चूक म्हणत होतं. एक माणूस असं मिळालं की ज्याची चूक त्याला दुरुस्त करता आली. सप्टेंबरात तो आठ-दहा शब्दांचं पान वाचायचा, बोट ठेवून, सावकाश. पुढचं त्याच्या बाई करून घेतील, त्यांच्या हाताखाली तो अजून आहे.

मधल्या सुट्टीत उजी मिळायची, म्हणजे पातळ गोड पेज. प्रत्येक मूल घरून आपला मग आणतं. बहुतेक दिवशी ती मक्याची असायची. एकदा लालसर दिसली, घोट घेतला आणि ओळखली. नाचणी! तिकडे तिला उलेझी म्हणतात. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच, हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. शिराळ्याच्या डोंगरातल्या ज्या आंबिलीवर माझी आई वाढली तिचं माहेर तिकडचं. मी दुसरा मग मागून घेतला.

आणखी एक शब्द तिकडून आणलाय, पोले. चिखलाच्या उतारावर माझा पाय घसरला, मी बसले. पुढे चाललेली मुलं वळली, ‘पोले, मामा.’ कॉफीची फळं तोडणारी बाई झाडामागून म्हणाली, ‘पोले.’ रस्त्याने जाणारा, मला ओळखतही नसलेला मोटारसायकलवाला वेग कमी करून म्हणाला, ‘पोले.’ चूक कुणाचीच नसते, माफीही नसते त्यात. तुला लागलं ते मला कळलं, एवढंच. ठेच लागली तरी पोले, पावसात भिजलं तरी पोले, खूप काम केलं तरी पोले. आपण ‘लागलं का गं?’ म्हणतो ते याच्या जवळ जातं.

पालक यायचे आणि एकच विनंती करायचे, इंग्रजी शिकवा. त्यांची काळजी खोटी नाही. तिथे माध्यमिक शाळेत गेलं की शिक्षणाचं माध्यम एकदम इंग्रजी होतं आणि मुलं तिथे अडखळतात. पण सहा वर्षांच्या मुलाला आधी स्वतःच्या भाषेत वाचता यावं, मग दुसरी भाषा त्यावर उभी राहते, असं माझं मत आहे आणि इथे आमच्या शाळांचे वर्ग रिकामे होताना बघूनही ते बदललेलं नाही. मी शुक्रवारी दोन-तीन इंग्रजी गाणी अभिनयासकट घेतली. बाकी दिवस बा बे बी बो बू.

फोटो फार काढले नाहीत. वर्गाची भिंत, दप्तरं, पत्त्या, ते चाकाचं रिम. मुलांचे चेहरे माझ्या फोनमध्ये नाहीत आणि नावं मी इथे लिहीत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांचे फोटो कुणी परदेशी बाईने गावभर दाखवले असते तर मला काय वाटलं असतं, हा विचार मी विमानात बसण्याआधीच केला होता.

शाळा सुटल्यावर चौथीच्या मुली मैदानाच्या कडेला बसायच्या. जमिनीत वाटीएवढा खळगा, त्यात दहा-बारा खडे. एक खडा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत सगळे खडे बाहेर ओढायचे. पुन्हा उडवायचा, एक बाहेर ठेवून बाकीचे आत लोटायचे आणि वरचा झेलायचा. मग दोन बाहेर ठेवायचे, मग तीन. याला म्दाको म्हणतात. मी उभी राहून बघत होते आणि माझी बोटं आपोआप हलत होती, कारण हे तर आमचे सागरगोटे. मी पदर खोचून बसले. पहिल्यांदा उडवलेला खडा झेलला तेव्हा मुली गप्पच झाल्या. मग मी त्यांना आमची रीत दाखवली, सगळे उडवून उलट्या हातावर झेलायचे. आठवडाभर मैदानावर दोन्ही खेळ चालू होते, आणि त्यांच्यातली सर्वांत लहान, चपळ मुलगी उलट्या हातावर माझ्यापेक्षा जास्त झेलायला लागली.

शेवटच्या दिवशी गाणी झाली, केळ्यांचा अख्खा घड मिळाला, पहिलीच्या बाईंनी माझ्या खांद्यावर कांगा, म्हणजे तिकडचं छापील सुती वस्त्र, पांघरलं. संध्याकाळी मुलींबरोबर शेवटचा डाव मांडला. माझी तीनची पाळी निघाली, चारची निघाली, पाचची चालू होती, तेवढ्यात मुलगा गाडी घेऊन आला आणि हॉर्न वाजवायला लागला. मी उठले. त्या छोटीने खळग्यातले खडे मोजले, केळीच्या वाळक्या पानात गुंडाळले आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवून दिले. हे तुझेच, ती म्हणाली, पाचवर आहेस. पुढच्या जुलैच्या परवान्याचा अर्ज मी कालच भरला.